सत्त्याऐंशी ग्रॅम

सकाळचा उजेड त्या स्वयंपाकघरात एकदम येत नसे. आधी पूर्वेच्या झडपेतून त्याची बोटभर रुंद पट्टी समोरच्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात पडे, आणि ती इतकी फिकट असे की तो उजेड आहे की जुनी ओल, हे ठरवायला थोडा वेळ जाई. मग ती खाली सरकू लागे. खुंटीवरच्या गाळणीच्या फडक्यापर्यंत आली की त्या फडक्याचा एकेक धागा वेगळा दिसू लागे, त्यात अडकलेले पाण्याचे थेंब क्षणभर पेटत आणि विझत. तिथून ती पितळी घागरीच्या काठावर उतरे, काठाला एक पिवळी कड देई, आणि शेवटी पाटावर बसलेल्या पद्मावतींच्या हातांवर येऊन थांबे. ते हात मांडीवर पालथे ठेवलेले असत. सूर्य उगवून दोन घटका होईपर्यंत त्या तोंडात पाणीही घेत नसत. त्या नुसत्या बसत, आणि उजेड हातांवर आला की उठत. त्यांच्याकडे घड्याळ नव्हते असे नाही, पण इतक्या वर्षांत त्याची गरज पडली नव्हती.

निरंजन रोज दाराच्या चौकटीला टेकून हे पाहत असे. त्या आषाढातल्या एका सकाळी मात्र त्याला दिसले की उजेडाखाली आईचे हात पिवळे आहेत, आणि उजेड पुढे सरकला तरी ते पिवळेच राहिले.

त्याच भिंतीवर संस्थेचे कॅलेंडर होते. कृष्णातीर यकृतठेव सहकारी संस्था दरवर्षी प्रत्येक ठेवीदारासाठी वेगळे कॅलेंडर छापत असे. तिथी, एकादशी आणि अमावास्या यांच्याखाली, महिन्याच्या शेवटच्या चौकटीत, त्या ठेवीदाराच्या यकृताचे त्या दिवशीचे वजन छापलेले असे. पद्मावती कोगनोळे यांच्या कॅलेंडरवर आषाढाच्या चौकटीत सत्त्याऐंशी पूर्णांक दोन ग्रॅम असे लिहिले होते.

ऊसपट्ट्यातल्या जमिनीत कैक वर्षे मुरलेल्या फवारण्या विहिरींत उतरल्या होत्या, आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसांची यकृते एकामागून एक थकू लागली होती. यकृत ही शरीराची गाळणी आहे. रक्तातले विष ती अडवते. ती बंद पडली की माणूस आधी पिवळा होतो, मग गोंधळतो, मग जातो. यावर मिरजेतल्या शास्त्रज्ञांनी काढलेला उपाय ठेवीचा होता. तरुणपणीच माणसाच्या यकृताचा वीस ग्रॅमचा, म्हणजे दोन सुपाऱ्यांएवढा, तुकडा काढून घ्यायचा. त्याच्या पेशींना पुन्हा कोवळे करून बरणीत जगवायचे. या पेशींना शास्त्रज्ञांनी मूळबीज असे नाव दिले होते. वर्षाला शेकडा बारा या गतीने ते वाढे, आणि पुढे कधी गरज पडली तर ज्याचे त्याला परत मिळे.

वाढ ठेवण्याच्या पद्धती दोन होत्या, आणि त्या समजावून सांगणे हीच निरंजनची नोकरी होती.

तो लाजाळू होता. माणसांच्या डोळ्यांकडे पाहून बोलणे त्याला जमत नसे, म्हणून तो फळ्याकडे पाहून बोले, आणि लोकांना ते विद्वत्तेचे लक्षण वाटे. साध्या ठेवीत, तो सांगे, दरवर्षी झालेली वाढ कापून गोठवून ठेवतात. कापलेला भाग पुन्हा वाढत नाही. वाढते ते फक्त मूळबीज. म्हणून दरवर्षी नेमकी दोन पूर्णांक चार ग्रॅमची भर पडते, पहिल्या वर्षी तेवढी आणि चाळिसाव्या वर्षीही तेवढीच. चक्रवाढ ठेवीत काहीच कापत नाहीत. झालेली वाढही मुळाबरोबर वाढू लागते, आणि तिची वाढही. मग तो फळ्यावर दोन रेषा काढी. पहिल्या वर्षी दोन्ही रेषा एकाच बिंदूवर असत. दहाव्या वर्षी चव्वेचाळीस आणि बासष्ट. विसाव्या वर्षी अडुसष्ट आणि एकशे त्र्याण्णव. चाळिसाव्या वर्षी साधी ठेव एकशे सोळा ग्रॅमवर असे, आणि चक्रवाढ एक किलो आठशे साठ, म्हणजे माणसाच्या पोटातल्या अख्ख्या यकृताहूनही जास्त. ही दुसरी रेषा काढताना खडू फळ्याच्या चौकटीवर आपटे, आणि समोरच्या बाकावरून एक समाधानाचा सुस्कारा येई. त्या सुस्काऱ्याची निरंजनला शिसारी येई.

एकदा रामू बंडगर नावाचा मेंढपाळ आपल्या लेकीची ठेव ठेवायला आला होता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि डोक्यावरचे मुंडासे मागे सारत म्हटले, "म्हंजी साध्या ठेवीत शेळीचं करडू दरसाल वेगळं बांधायचं. आन् चक्रवाढीत करडालाबी करडू होऊ द्यायचं."

अगदी तसेच, असे निरंजन म्हणाला.

"बरं. आन् एवढ्या शेळ्यांना पाला कुनी घालायचा?"

बाकावरची माणसे हसली. ते संस्था बघते, असे निरंजनने फळ्याकडे पाहत सांगितले. बंडगरही हसला, पण जाताना त्याने अंगठा साध्या ठेवीच्या अर्जावर उठवला.

पाला कुणी घालायचा ते निरंजनला ठाऊक होते. तळघरात त्याला वर्षातून एकदा, मोजणीच्या वेळी, उतरावेच लागे. साध्या ठेवींचा कक्ष थंड आणि कोरडा होता. तिथे लोणच्याच्या बरण्यांएवढ्या बरण्या रांगेने असत आणि मूळबीज साखर, मीठ एवढ्यावर तग धरी. चक्रवाढीचा कक्ष पलीकडे होता. तिथे दार उघडले की ऊबदार, गोडसर, किंचित कडू असा एक वास तोंडावर येई आणि कपड्यांत बसून राही. बरण्या माठाएवढ्या होत्या. आतले तपकिरी मांस काचेला चिकटून चपटे झालेले असे, जागा मिळेल तिथे वळलेले, स्वतःच्याच घड्यांत शिरलेले. खालच्या ताटलीत हिरवट पित्त थेंबथेंब गळत असे. एवढे मांस नुसत्या साखरेवर वाढत नाही. त्याला वाढरस लागे, आणि वाढरस फक्त माणसाच्या यकृतापासूनच निघे. ज्या ठेवीदारांचे वार्षिक शुल्क भरायचे राहिले, किंवा जे ठेव न वापरताच गेले, त्यांच्या बरण्या नियमाप्रमाणे बंद होत, आणि त्यांतले मांस विरघळवून पलीकडच्या नळ्यांत सोडले जाई. शुल्क भरायचे राहणारे बहुधा साध्या ठेवीवालेच असत. नियमावलीत याला समायोजन म्हटले होते.

वार्षिक सभेत सर्वांत जड बरणी मंचावर आणून तिला हार घालत. तिचा मालक, गुळाचा एक अडत्या, तिच्याशेजारी उभा राहून फोटो काढून घेई, आणि मग सगळ्यांना पेढा व चिवडा मिळे. निरंजनने सहा वर्षांत तो पेढा कधी खाल्ला नव्हता. तो कागदात गुंडाळून खिशात ठेवी आणि वाटेत कुत्र्याला घाली. एवढे केले की आपण त्यांच्यातले नाही, असे त्याला वाटे.

मात्र त्या कक्षात, तिसऱ्या रांगेत, त्याच्या नावाची बरणी होती.

ती त्याच्या अप्पांनी ठेवली होती. निरंजन जन्मला तेव्हा तान्ह्या बाळाच्या यकृताचा कणभर नमुना घेऊन, वर्षभरात तो वीस ग्रॅम करून देण्याची सोय दवाखान्यातच होती. हळदीचे व्यापारी असलेल्या अप्पांनी मुलासाठी चक्रवाढीचा अर्ज भरला. पोराचं वाढतं राहू दे, असे ते म्हणाले. स्वतःसाठीही तोच भरला. पद्मावतींनी मात्र कारकुनाला विचारले होते, की मी अमुक वर्षांची होईन तेव्हा हे किती असेल. साध्या ठेवीचा आकडा कारकुनाने तोंडी सांगितला. चक्रवाढीसाठी त्याला कोष्टक शोधावे लागले, आणि पुढे ते वाढतच जातं, असे तो हसून म्हणाला. तेवढ्यावर त्यांनी निर्णय घेतला. त्यांनी परिग्रहाचे परिमाण घेतलेले होते: आयुष्यात आपल्याजवळ काय काय आणि किती असावे, याची मर्यादा जैन मुनींपुढे बांधून घेण्याचे व्रत. एका वहीत त्यांची यादी होती. लुगडी आठ, सोने सहा तोळे, भांडी इतकी, धान्य इतके. जे किती होईल ते सांगता येत नाही, ते यादीत मावत नव्हते. त्यांनी सोन्याच्या खाली लिहिले: दवाखान्यातलं, वर्षाला अडीच ग्रॅम.

अप्पा अकरा वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या अपघातात गेले. त्यांची ठेव कधी लागलीच नाही.

*

डॉ. यास्मिन सितारमेकर या संस्थेच्या मुख्य शास्त्रज्ञ होत्या. त्यांच्या घराण्यात पाच पिढ्या भोपळ्यांतून तंबोरे घडवले जात होते, आणि बोलताना त्या अजूनही समोरच्या वस्तूवर बोटाच्या टोकाने टकटक करून तिचा आवाज पाहत. पद्मावतींचे अहवाल त्यांनी दोनदा वाचले. हातात तीन आठवडे आहेत, असे त्या म्हणाल्या. छप्पन्न किलोच्या शरीराला निदान साडेचारशे ग्रॅम यकृत हवे. सत्त्याऐंशी ग्रॅम बसवता येईल, पण लहान तुकड्यावर सगळ्या शरीराचा भार पडला की तो सुजतो आणि कोलमडतो. तेवढ्या मुदतीत बरणीत त्याला मोठे करणेही शक्य नाही.

निरंजनने विचारले, आणि चारशे अठ्ठ्याहत्तर असले तर?

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिले. त्याची बरणी त्यांना ठाऊक होती. मुलाचे आईला चालते, औषधांवर राहावे लागेल, असे त्या म्हणाल्या, आणि अर्ज पुढे सारला.

अर्जात तीन ओळी होत्या. पहिली स्वतःच्या ठेवीची, दुसरी रक्ताच्या नातेवाइकाच्या ठेवीची. निरंजनने दोन्ही सुवाच्य अक्षरांत भरल्या. तिसरी ओळ जिवंत दात्याची होती. तिच्यात, कार्यालयात रिकाम्या रकान्यात मारतात तशी, एक छोटी आडवी रेघ त्याने मारली.

डॉक्टरांनी त्या रेघेवर बोट टेकले. "ही पद्धत बंद झालेली नाही, निरंजन. कुणी वापरत नाही एवढंच."

हो, असे तो म्हणाला.

त्या बोलत राहिल्या, जणू विद्यार्थ्याला सांगावे तशा. बरणीतली वाढ फळ्यावरच्या रेषांसारखी असते, एक सरळ जाते आणि एक वर जाते. पण थांबत दोन्ही नाहीत. आपल्यालाच कापावे लागते. शरीरातले यकृत तसे नसते. त्याचा अर्धा भाग जरी कापून दिला, तरी उरलेला वाढू लागतो, आणि तीन महिन्यांत पूर्वीइतका झाला की आपणच थांबतो. "ते कसं थांबतं, हे मला वीस वर्षं शोधूनही नीट कळलेलं नाही. भोपळासुद्धा वेलीवर असतो तोवर बेतानं वाढतो. तोडून पाण्यात ठेवला की कुजतो."

निरंजनने विचारले की बरणी बाहेर काढायच्या परवानगीवर सही अध्यक्षांची लागेल की सचिवांची. त्यांनी रेघेवरचे बोट उचलले आणि सचिवांची, असे सांगितले.

पुढे त्याला आठवत राहिले की त्या खोलीत त्या वेळी त्याचा उजवा हात पोटावर होता, बरगड्यांच्या खाली. तो त्याने काढून मेजावर ठेवला.

*

पद्मावतींना दवाखान्यात आणले तेव्हा त्यांच्याबरोबर घागर आणि गाळणीचे फडके आले. आयुष्यभर त्यांनी पाणी गाळून प्यायले होते, पाण्यातला जीव मरू नये म्हणून. आणि ज्याने त्यांचे यकृत संपवले ते कोणत्याच फडक्यात अडकणारे नव्हते. निरंजनने त्यांना समजावून सांगितले, फळा नव्हता म्हणून खिडकीकडे पाहत. तुझे कमी पडते, माझे पुरेसे आहे, माझेच आहे, दुसऱ्या कुणाचे नाही.

त्यांनी ऐकून घेतले. मग त्यांनी खाटेशेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरांना विचारले, "बाई, त्ये एवढं वाढलंय त्ये खातंय काय?"

निरंजन पटकन म्हणाला की संस्थेचे खास पोषण असते.

"तुला न्हाई इच्यारलं."

डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली आणि सांगितले. त्यांनी काही सौम्य केले नाही आणि काही वाढवलेही नाही. बंद झालेल्या ठेवी कशा विरघळवतात, त्या कुणाच्या असतात, एक माठभर बरणी वाढायला साध्या ठेवीच्या किती लहान बरण्या लागतात, सगळे सांगितले. साध्या ठेवीला हे लागत नाही का, असे पद्मावतींनी मध्येच विचारले. नाही काकू, तुमचं साखरपाण्यावर जगलंय, असे त्या म्हणाल्या.

पद्मावतींचे पिवळे हात चादरीवर पालथे होते.

"निरंजन, ह्यातलं तुझं किती?"

"सगळं माझंच, अव्वा. माझ्याच पेशी."

"तुझं वीस ग्रॅम. बाकीचं कुनाचं?" मग अगदी शांतपणे, भांडी मोजावीत तशा, त्या म्हणाल्या, "तुझ्या अप्पांचंबी असंल की त्यात. त्यांचं कुठं गेलं मग?"

याचे उत्तर निरंजनला ठाऊक होते. अप्पांची बरणी ज्या आठवड्यात बंद झाली त्या आठवड्याची नोंद त्याने नोकरीच्या पहिल्याच वर्षी काढून पाहिली होती. वाढरस तिसऱ्या रांगेला सोडला होता. त्याने ती वही मिटली होती आणि पुन्हा उघडली नव्हती, आणि तळघरातून वर आल्यावर नळाखाली हात धुतले होते, कोपरापर्यंत, तीनदा.

तो म्हणाला की अव्वा, असा विचार केला तर या गावात कुणीच जगणार नाही. शेतातलं खतही कुणाचं तरी शरीरच असतं. तो प्रथमच इतके सलग बोलला. जिवंत राहण्यात पाप कसले, नियम संस्थेने केला, तू केलेला नाहीस, मी केलेला नाही. त्याचा आवाज वर चढला, आणि फळ्यापुढे दुसरी रेषा काढताना जो आवाज लागे तोच आपल्या तोंडून येत आहे, हे त्याला ऐकू आले.

"मला माझं बसवा," पद्मावती डॉक्टरांना म्हणाल्या. "सत्त्याऐंशी. जेवढं चालंल तेवढं चालंल. वहीत तेवढंच लिवलंय मी."

तो उठून बाहेर गेला. दाराआड तो क्षणभर थांबला, तेव्हा आई डॉक्टरांना हळू आवाजात काहीतरी सांगत होती, एखादी गोष्ट बजावून सांगावी तसे. शब्द त्याला कळले नाहीत. कळावेत म्हणून तो थांबलाही नाही.

पुढचे दिवस त्याने दगदगीत काढले. धर्मशास्त्र जाणणाऱ्या दोन पंडितांना तो भेटला. आपत्काळी व्रताला अपवाद असतो, असे त्यांच्याकडून लिहून आणले. सचिवांची सही मिळवली. बरणी वर आणून ठेवली. तिच्या ताटलीतले पित्त त्याच्या बुटावर सांडले. त्याने आईला पुन्हा विचारले, आणि पुन्हा विचारले. लोक म्हणत, काय मुलगा आहे, आईसाठी धावतोय. ते ऐकून त्याला बरे वाटे, आणि बरे वाटले म्हणून स्वतःची किळस येई. आणि या किळसेतही एक आसरा होता, कारण संस्थेची, सभेची, हारांची, त्या तपकिरी घड्यांची घृणा करत असताना आणखी कशाचा विचार करावा लागत नसे.

सत्त्याऐंशी ग्रॅमने नऊ दिवस काम केले. पहिले चार दिवस पद्मावतींच्या डोळ्यांतला पिवळेपणा ओसरलाही होता. त्या सकाळी खिडकीतून उजेड हातांवर आला की पाणी मागत. पाचव्या दिवसापासून तुकडा सुजू लागला. सातव्या दिवशी त्यांनी निरंजनचा हात धरला, त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, तू जेवलास का. तो हो म्हणाला. त्या आणखी थोडा वेळ पाहत राहिल्या, जणू त्याचे बोलणे अजून संपलेले नाही. मग त्यांनी डोळे मिटले.

*

दहावे झाल्यावर डॉ. सितारमेकर घरी आल्या. निरंजन बोलू लागला ते संस्थेविषयी. आपण राजीनामा देणार, वाढरसाचे सगळे छापून आणणार, चक्रवाढीचा कक्ष बंद पाडणार. बंडगर मेंढपाळाला जे पहिल्याच दिवशी कळले ते अख्ख्या गावाला कळत नाही, याची आपल्याला घृणा वाटते, असे तो म्हणाला.

त्यांनी ते सगळे ऐकले. खुंटीवर फडके वाळून ताठ झाले होते. त्यांनी त्याला बोट लावून पाहिले.

"छापा," त्या म्हणाल्या. "मी सही देईन. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. तुम्ही त्या दिवशी बाहेर गेलात तेव्हा काकूंनी मला बजावलं होतं. पोराला इच्यारायचं न्हाई, म्हणाल्या. आपनहून बोलला तर गोष्ट येगळी."

काय विचारायचे नाही, असे निरंजनने विचारले नाही.

त्या गेल्यावर तो स्वयंपाकघरात दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळीही तो तिथेच उभा होता. पट्टी भिंतीच्या कोपऱ्यात पडली, खाली आली, कॅलेंडरवरून सरकली. श्रावणाच्या चौकटीत संस्थेने सत्त्याऐंशी पूर्णांक चार असे आधीच छापून ठेवले होते. उजेड फडक्यावर आला, घागरीच्या काठावर आला, आणि रिकाम्या पाटावर येऊन थांबला. निरंजनचा हात पुन्हा बरगड्यांखाली गेला होता. या वेळी त्याने तो काढला नाही.

त्याचा रक्तगट आईचाच होता. त्याचे यकृत निरोगी होते, आणि दिलेला भाग तीन महिन्यांत भरून आला असता. तो कापून घ्यायला घाबरला होता.